बेसिन ठेवायचं

कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये एक ओळ होती : 'जुनी फिटिंग काढून नेणे'. पुढे रक्कम नव्हती. भंगारात जे येईल ते त्याचं. मी सहीसाठी पेन उघडलं आणि स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "बेसिन ठेवायचं."

का, ते त्यांनी सांगितलं नाही. चौऱ्याऐंशीव्या वर्षी कारणं देत बसायची त्यांना गरज वाटत नाही.

आमची इमारत दादरच्या हिंदू कॉलनीतली, १९३८ची, तळमजला अधिक तीन. गेली पंधरा वर्षं ती रिडेव्हलपमेंटला 'जाणार आहे', त्यामुळे गेली पंधरा वर्षं कोणी घरात धड खिळाही ठोकलेला नाही. पण आमच्या बाथरूमचं पाणी खालच्यांच्या छतातून झिरपायला लागलं, त्यांच्या देवघरावर पोपडे पडले, तेव्हा मात्र नाइलाज झाला. एप्रिलमध्ये काम काढलं. पावसाच्या आत संपवायचं होतं.

बाथरूममध्ये जुन्या काळच्या चिनी मातीच्या तीनच वस्तू होत्या. कमोड, भिंतीत बसवलेली साबणदाणी आणि बेसिन. कमोडवर डोक्याच्याही वर साखळीची बिडाची टाकी होती, पण ती दहा वर्षं बंदच, खाली बादली.

कमोड ठेवायचा प्रश्नच नव्हता. त्याचा पाया जमिनीत सिमेंटने पक्का बसवलेला आणि त्या पायालाच तडा. पूर्वी सर्रास असंच बसवायचे. सिमेंट जरा हललं, जमीन जराशी खचली की ताण चिनी मातीवर येतो आणि ती तडकते. वरून चाळीस वर्षं दर आठवड्याला बाटलीतलं ॲसिड ओतून पाण्याच्या रेषेपाशी जी चमक होती तीही गेली होती. सासूबाईंनी त्याच्याविषयी चकार शब्द काढला नाही. बेसिनचा टवका भरून काढता येतो, कमोडला ठिगळ लावून चालत नाही. टाकीही गेली. साखळी ओढली की ती एका वेळी दहा लिटरवर पाणी ओतायची, आणि मुंबईत बोअरवेलच्या पाण्याचाही हिशेब ठेवावा लागतो. साखळीचं चिनी मातीचं मूठ मात्र मी काढून घेतलं. सध्या ते किल्ल्यांच्या जुडग्याला आहे.

साबणदाणी वाचवायची होती. पहिल्याच दिवशी टाइल फोडणाऱ्या पोराने छिन्नी एक इंच अलीकडे लावली आणि तिचे पाच तुकडे झाले. पोरगा इतका कावराबावरा झाला की त्याला चहा देण्याखेरीज काही सुचलं नाही.

उरलं बेसिन. दोन बिडाच्या ब्रॅकेटवर टेकलेलं, रुंद, दोन नळांचं. नळांच्या डोक्यावर चिनी मातीच्या पांढऱ्या चकत्या, एकीवर इंग्रजीत 'हॉट', दुसरीवर 'कोल्ड'. 'हॉट'मधून या घरात कधी गरम पाणी आलं नाही, कारण त्याला पाइपच जोडलेला नव्हता. विलायतेहून बेसिन आलं ते दोन भोकं घेऊनच, म्हणून नळ दोन. गरम पाण्याला आधी तांब्याचा बंब होता, मग बादलीतला हीटर, मग गिझर, आणि गिझरही बादलीच्या नळापुरताच. सासूबाई १९६२ साली लग्न होऊन आल्या, तेव्हा पहिल्या सकाळी त्यांनी 'हॉट' फिरवून पाण्याची वाट बघितली होती म्हणे. सासऱ्यांनी ती गोष्ट पुढे चाळीस वर्षं पाहुण्यांना सांगितली.

आमचे प्लंबर ओडिशातल्या केंद्रापाड्याचे. प्लंबिंगच्या कामावर त्या जिल्ह्यातली माणसं देशभर भेटतात. तीस वर्षं ते आमच्या गल्लीत काम करतायत. बेसिनकडे बघून म्हणाले, "भाभी, निकालूँगा. लेकिन टूटा तो मेरा नाम नहीं." करार चोख होता.

काढायलाच दीड दिवस गेला. नळांखालचे पितळी नट आणि ब्रॅकेटचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. रात्री त्यांवर रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंध्या गुंडाळून ठेवल्या. सकाळी दोन सुटले, बाकीचे हेक्सॉ ब्लेडने कापले. पान्याने जोर लावायचा नाही, हे त्यांनी मला बजावून सांगितलं. पितळ फिरलं नाही तर चिनी माती फिरते, म्हणजे फुटते. सांडपाण्याचा पाइप शिशाचा होता, मऊ. तो चक्क चाकूने कापला गेला. भिंतीलगतचं पांढरं सिमेंट मी स्वतः खरवडलं, जुन्या उलथन्याने, दोन तास. मग खाली गादी टाकली, नवरा आणि प्लंबर दोघांनी दोन बाजू धरल्या, आणि बेसिन भिंतीपासून असं सुटलं जसा खूप वर्षं न काढलेला कपाटाचा खण सुटतो.

गॅलरीत दोन स्टुलांवर गोधडी घालून ते पालथं ठेवलं. माठ घेताना टिचकी मारतो तशी प्लंबरनी कडेला बोटाच्या पेराने टिचकी मारली. खणखणीत आवाज. चार बाजूंना चार टिचक्या, चारही तशाच. आत कुठे तडा असता तर आवाज बद्द आला असता. "माल अच्छा है," ते म्हणाले, आणि तेव्हापासून त्यांचं बोलणं बदललं.

पालथ्या बाजूला, ग्लेझच्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराच्या खाली, छाप होता : शँक्स, बॅरहेड. बॅरहेड हे स्कॉटलंडमधलं ग्लासगोजवळचं गाव. ही कंपनी पुढे १९६९ साली आर्मिटेजमध्ये मिसळली आणि आर्मिटेज शँक्स झाली. मुंबईतल्या जुन्या इमारतींत, हॉस्पिटलांत हे नाव नीट पाहिलं तर अजून दिसतं. आपल्याकडे चांगल्या प्रतीचा असला माल स्वातंत्र्यानंतरच रुळला, त्याआधी तो बोटीने यायचा. नवऱ्याने छापावरची घाण अंगठ्याने पुसली आणि म्हणाला, "एवढी वर्षं याच्यावर दात घासले, आणि गाव आज कळलं."

आता घाण. ती तीन प्रकारची होती आणि मला वाटत होतं एकाच प्रकारची.

'कोल्ड' नळाखाली, ओघळाच्या वाटेवर, गंजाचा तांबूस पट्टा आणि त्याच्या दोन्ही कडांना पांढरट खडबडीत खपली. तळाला राखाडी बारीक रेघांचं जाळं. आणि काठावर, जिथे साबण ठेवायचो तिथे, केसासारख्या तपकिरी रेषा. प्लंबरचा सल्ला एका शब्दाचा होता : "ॲसिड." मी नको म्हटलं, कमोडची दशा डोळ्यांसमोर होती. शिवाय ॲसिडच्या वाफेने नळाचं पितळ आणि सांडलं तर मोझेकची फरशीही जाते. फरशीला पॉलिश करणारा त्याच दिवशी हॉलमध्ये मशीन फिरवत होता. त्याने त्याच्या डब्यातली मूठभर पांढरी पूड कागदात बांधून दिली. ऑक्झॅलिक ॲसिड. मोझेक आणि संगमरवर घासताना ते वापरतात, आणि गंजावर ते रामबाण असतं. विषारी आहे, हातमोजे घाला, एवढं त्याने सांगितलं. पुढचं सांगायला हवं होतं ते त्यालाही ठाऊक नसावं.

मी पूड पाण्यात कालवून थेट ओघळावर थापली. तासाभराने धुतलं तर गंज फिका झालेला, पण पांढरी खपली होती तिथे आणखी पांढरा, चिवट थर. घासला तर जाईना. दोन दिवस मी त्याच्याशी झटले आणि मग शाळेतल्या रसायनशास्त्राची आठवण झाली. खपली म्हणजे चुना, कॅल्शियम. त्याच्यावर ऑक्झॅलिक ॲसिड पडलं की कॅल्शियम ऑक्झॅलेट होतं, आणि ते पाण्यात विरघळत नाही. मूतखडे बहुतेक त्याचेच असतात. नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी झाला होता. "म्हणजे तू बेसिनला मुतखडा केलास," तो म्हणाला. तो डाग शेवटी दाढीचं ब्लेड ओलं करून, अगदी आडवं धरून, खरवडूनच काढावा लागला. आधी चुना, मग गंज, हा क्रम मी आता झोपेतही विसरणार नाही.

दादरचं नळाचं पाणी तलावांचं, मऊ. त्याने एवढी खपली धरत नाही. पण टंचाईच्या वर्षांत सोसायटीने बोअरवेलचं पाणी वरच्या टाकीत सोडलं होतं, आणि नळ गळका. थेंब वाळायचा, त्यातला क्षार तिथेच राहायचा, वर पुढचा थेंब. गंज आला तो इमारतीच्या जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपांतून. म्हणजे चार आण्याचा वायसर वेळेवर बदलला असता तर दोन्ही डाग पडलेच नसते. हे मी घरात मोठ्याने बोलले नाही, कारण त्या वायसरची आठवण दर दिवाळीला मीच करून द्यायची आणि मीच विसरायची.

चुन्यासाठी लिंबूसत्त घेतलं, वाण्याकडचंच. लिटरभर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम. जुन्या धोतराच्या पट्ट्या त्यात बुडवून खपलीवर चिकटवल्या, वर प्लॅस्टिक, म्हणजे वाळत नाही. दर दोन तासांनी पट्टी बदलायची. संध्याकाळपर्यंत खपली दह्यासारखी मऊ झाली आणि बोटाने निघाली. मग भरपूर पाण्याने धुऊन, दुसऱ्या दिवशी ऑक्झॅलिक. या वेळी गंज वीस मिनिटांत गेला. एवढ्यात कामवाल्या बाईंनी मदत म्हणून ब्लीच आणलं होतं, ते मी अक्षरशः हातातून काढून घेतलं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो.

ऑक्झॅलिकचे दोन थेंब चुकून तळातल्या राखाडी रेघांवर पडले, आणि रेघा नाहीशा झाल्या.

मी कितीतरी वेळ बघत राहिले. ते चरे आहेत असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. तारेच्या घासणीने बेसिन खराब झालं, असं सासूबाई मला वीस वर्षं सुनावत होत्या. पण हे ग्लेझ तारेच्या पोलादापेक्षा कठीण असतं. घासताना ग्लेझ झिजत नव्हतं, तार झिजत होती. पाटीवर पेन्सिल झिजून रेघ उठते तशीच. बेसिनवर होतं ते लोखंड, आणि लोखंड ऑक्झॅलिकने निघतं. मी सासूबाईंना हात धरून गॅलरीत नेलं. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवलं, म्हणाल्या, "मग हे काय?" खरंच, तळाच्या भोकाभोवती थोडी जागा मंद होती आणि ती तशीच राहिली होती. ते वीटकर आणि घासायच्या पावडरीचं काम. त्यातली वाळू मात्र ग्लेझला चरे पाडते. वीटकर कुणाच्या काळातली, हे दोघींनाही माहीत होतं. विषय तिथेच थांबला.

काठावरच्या तपकिरी रेषा सगळ्यांत अवघड. त्याला घाण म्हणणंच चूक. ग्लेझ आणि आतली माती वेगवेगळ्या मापाने आकुंचन-प्रसरण पावतात, त्यातून ग्लेझला जाळी पडते आणि साबणपाणी त्यात मुरत जातं. वरून घासून काय होणार? औषधाच्या दुकानात सहा टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. कापूस त्यात भिजवून जाळीवर ठेवला, वर प्लॅस्टिक, रोज नवा. आठ दिवसांनी तपकिरी रंग चहाचा झाला, तेराव्या दिवशी दुधातल्या चहाचा. त्यापुढे काही हलेना. मी थांबले. जाळी जाणार नाहीच. ती काढायची तर ग्लेझच नवं चढवायला हवं, आणि ते भट्टीत हजार-बाराशे अंशांवर होतं. घरी येऊन 'रिग्लेझिंग' करून देतो म्हणणारे दोघं भेटले. ते जे मारतात तो रंग असतो, चांगला असेल, पण रंगच. दोन-चार वर्षांनी सोलला की मग बेसिन खरंच फेकावं लागेल. त्यांना नाही म्हटलं.

आता टवका. पुढच्या कडेला रुपयाएवढा, १९७०च्या आसपास पितळी तांब्या पडून उडालेला. तांब्या कुणाच्या हातून पडला याची तीन मतं आहेत आणि तिन्हींतली माणसं आता हयात नाहीत. टवक्यात आतली माती दिसत होती, पिवळसर, जाड कणांची. म्हणजे हे फायरक्ले. आजकालचं बेसिन असतं ते व्हिट्रियस चायना, आतून बाहेरून पांढरं आणि जवळजवळ पाणी न पिणारं. फायरक्लेवर पांढऱ्या मातीचा हात आणि त्यावर ग्लेझ, आत मात्र विटेसारखं. त्यामुळे टवक्याभोवती पाणी मुरून निळसर-तपकिरी डाग फिरला होता, गुडघा फुटल्यावर फिरतो तसा. भरायच्या आधी ते पूर्ण वाळायला हवं. मेच्या उन्हात दहा दिवस ठेवलं, वर रोज हेअर ड्रायर.

भरायला दोन भागांची इपॉक्सी घेतली, त्यात पांढरा रंग आणि चिमटीभर पिवळा मिसळला. बेसिन पांढरंशुभ्र नव्हतं, साजूक तुपाच्या वरच्या थरासारखं होतं. रात्री जेवणं झाल्यावर ट्यूबच्या उजेडात जमवलं, अगदी हुबेहूब. पातळ थर देत भरलं, चोवीस तासांनी वॉटरपेपरने घासलं, आधी चारशे नंबर, मग आठशे, मग बाराशे, पाणी लावून. सकाळी गॅलरीत ऊन आलं आणि तो ठिपका खोट्या दातासारखा चमकला. निळसर पांढरा.

खोट्या दातावरूनच भाचीची आठवण झाली. ती दातांची डॉक्टर. रविवारी आली ती शेड गाइड पर्समध्ये टाकूनच. सोळा रंगांचे चिनी मातीचे दात एका पट्टीवर लावलेले असतात. बेसिनच्या काठाला एकेक दात लावून ती गंभीरपणे बघत होती आणि सासूबाई हसून हसून बेजार. बेसिन 'ए वन' आणि 'बी वन'च्या मधे कुठेतरी निघालं. मग तिने मला माझी चूक सांगितली. दाताचा रंग डॉक्टर कामाला हात लावण्याआधी ठरवतात, दिवसाच्या उजेडात, दात ओला असताना. तोंड उघडं ठेवून दात वाळला की तो जास्त पांढरा दिसतो. आणि एका जागी फार वेळ बघायचं नाही, डोळा फसतो. मधे निळ्या कागदाकडे बघून पुन्हा बघायचं. मी जुनं खरवडून काढलं, सकाळी दहाला खिडकीत बसून, बेसिन ओलं करून, पुन्हा रंग केला. या वेळी मातकट वाटेल इतका गडद. भरून, घासून झाल्यावर तो ठिपका दिसतो, पण शोधावा लागतो. इपॉक्सी काही वर्षांनी पिवळी पडते, तेव्हा पुन्हा दिसेल.

बसवायच्या वेळी मला धास्ती होती की ऐंशी वर्षांच्या विलायती मापाला आजचे सांधे कसे जुळणार. प्लंबरना ती अजिबात नव्हती. आपल्याकडचे पाइपाचे आटे अजून ब्रिटिश मापाचेच आहेत. अर्धा इंची नळ तेव्हाचा आणि कनेक्शन पाइप आजचा, एका फेऱ्यात बसले. नळ त्यांनी उघडले, आतली स्पिंडल चिंचेने घासली, नवे वायसर घातले. सफेदा आणि तागाचा धागा त्यांच्या पिशवीत अजून असतो, पण इथे टेफ्लॉन टेप लावली. अडलं ते भलतीकडेच. या बेसिनला ओव्हरफ्लोचं, म्हणजे जादा पाणी वाहून जायचं भोक आहे आणि ते पाणी मातीच्या आतूनच वाट काढत खाली वेस्ट कपलिंगमध्ये, म्हणजे तळाच्या भोकातल्या जोडणीत येतं. त्यामुळे कपलिंगला बाजूने खाच हवी. पहिल्यांदा आणलेलं बिनखाचेचं होतं. लावलं असतं तर ओव्हरफ्लोचं पाणी आतच कोंडून राहिलं असतं. खाचेचं मिळायला लोहार चाळीच्या बाजारात अर्धा दिवस गेला.

ब्रॅकेट जुनेच, घासून रेड ऑक्साइड लावलेले. त्यांच्यावर रबराच्या पट्ट्या, भिंतीकडे सिमेंटऐवजी सिलिकॉन. पुढच्या वेळी कुणाला काढायचं झालं तर उलथनं लागू नये. नट आवळताना प्लंबरनी पाना बाजूला ठेवला, हातानेच फिरवला, शेवटी पाव फेरा पान्याने. "कसना नहीं, बिठाना," ते म्हणाले. सगळ्याचा खर्च चार हजार दोनशे झाला, माझे दोन महिने सोडून. साधं नवं बेसिन त्याहून स्वस्तात आलं असतं, हे नवऱ्याने एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा नाही.

भिंत उघडीच होती म्हणून या वेळी गिझरची एक लाइन 'हॉट'लाही आणून जोडली. सहा जूनला पाणी सोडलं. सासूबाई टॉवेल खांद्यावर टाकून आल्या, चकतीवरून बोट फिरवलं, 'हॉट' उघडला आणि धारेखाली हात धरला. गिझर पलीकडच्या भिंतीला, पाइप बारा-पंधरा फुटांचा. आधी आतलं गार पाणी निघून जायला हवं. त्यांनी पाचेक सेकंद वाट बघितली असेल.

"गारच आहे," म्हणाल्या, आणि नळ बंद करून बादलीकडे वळल्या.